सालीखालची ओल

वन्संचं मनगट मोडलं तेव्हा थंडी अजून सरायची होती. खुराड्यासमोर सांडलेलं पाणी रातोरात गोठलं होतं. सकाळी त्यावरून त्यांचा पाय सटकला आणि पडता पडता त्या हातातली अंड्यांची टोपली सावरायला गेल्या. अंडी वाचली, मनगट गेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. उतारावरचा तो जमिनीचा तुकडा, दोन शेळ्या, कोंबड्या, भाज्यांचे वाफे असा सगळा पसारा एकटीच्या दोन हातांवर चालत होता. त्यातला कामाचा हात आता प्लास्टरमध्ये गेला. वन्सं कुणापुढे हात पसरणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण आता इलाज नव्हता. त्यांनी भावजयीला फोन लावला.

“तुझे हात रिकामे आहेत का गं सध्या?”

“रिकामेच आहेत, वन्सं,” भावजय म्हणाली. “वर्ष होत आलं.”

ते खरं होतं. शहरात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तिची हयात गेली होती. तिथे एकेकीला एकेक तुकडा नेमून दिलेला असायचा. कुणी बाह्या लावायची, कुणी खिसे, कुणी नुसती काजं करायची. हिच्या वाट्याला कॉलर आली ती शेवटपर्यंत सुटली नाही, म्हणून सगळे तिला कॉलरबाई म्हणत. नवरा होता तोवर घरात तोही थट्टेने तसंच म्हणायचा. शाळेतली पोरं, बसचे कंडक्टर, हॉटेलातले वेटर, अर्ध्या शहराच्या मानेभोवती तिचं काम होतं. पण अख्खा शर्ट असा तिने तिथे एकही शिवला नाही. कॉलर पुढच्या टेबलाकडे सरकवली की गेली, तिचं पुढे काय होतं ते दुसऱ्या कुणी बघायचं.

मग कारखाना बंद पडला आणि ती लेकीकडे राहायला गेली. लेक आणि जावई दोघंही जीव लावणारे. “आई, तू बस,” “आई, ते राहू दे, मी करते.” बसून बसून कॉलरबाई पार आंबून गेली होती. दुपारी खिडकीशी बसली की बोटं आपोआप मांडीवरच्या कापडाची कड दुमडत राहायची. वन्संचा फोन आला आणि तिने बॅग काढली, तेव्हा लेकीने विचारलं, “तुला शेतातलं काय येतं गं?”

“काही नाही,” कॉलरबाई म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

वन्संचं शेत म्हणजे चहाचा कप हातात घेऊन फिरायला निघावं आणि चहा निवायच्या आत परत यावं एवढंच. वरच्या अंगाला घर, बसकं, जाड भिंतींचं. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं की वाफे, वाफ्यांच्या खाली शेळ्यांचा गोठा, आणि सगळ्याच्या मधोमध एक जुनं नासपतीचं झाड. त्या दिवसांत त्यावर पान नव्हतं. कॉलरबाईला ते इतर कुठल्याही झाडासारखंच दिसलं.

पहिले काही दिवस तिची फजितीच झाली. बादली धरायची तर ती कडीत धरून पायांवर आदळून घ्यायची. फावडं मारायची तर मातीपेक्षा स्वतःलाच जास्त हलवायची. वन्सं दारात खुर्ची टाकून बसायच्या, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, आणि तिथून हुकूम सोडायच्या. त्यांची जीभ आधीच तिखट, त्यात हात बांधलेला, म्हणजे सगळं बळ जिभेतच उतरलेलं.

“अगं, ती शेळी आहे, साहेबीण नाही. तिची परवानगी काय मागतेस? डोकं टेकव कुशीला आणि धर.”

कॉलरबाईने शेळीच्या कुशीला कपाळ टेकवलं. कूस ऊन होती आणि आतून काहीतरी गुरगुरत होतं. तिच्या बोटांत ताकद होती, जाड कापडाच्या घड्या दाबून दाबून आलेली, पण ती कुठे लावायची ते कळत नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग वरून खाली बोटं एकामागून एक मिटत गेली आणि भांड्याच्या तळावर दुधाची धार वाजली. तो आवाज ऐकून ती थांबलीच. तिने भांड्यात पाहिलं. एवढंसं दूध होतं, त्यावर फेस होता आणि वाफ निघत होती.

“काय झालं?” वन्संनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. पण दिवसभर तो आवाज तिच्या कानात होता.

आणखी एका सकाळी वन्संनी तिला गोठ्यामागच्या खताच्या ढिगाशी नेलं. वरून तो दहिवराने पांढरा झाला होता. वन्सं म्हणाल्या, “हात घाल आत.” कॉलरबाईने नाक मुरडलं. “घाल गं, चावत नाही.” तिने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत खुपसला, आणि झटक्यात बाहेर काढला. आत गरम होतं. ऊबदार नव्हे, चांगलं गरम, नुकत्याच उकडलेल्या बटाट्यासारखं. भोवतालची जमीन दगडासारखी गोठलेली, श्वासाची वाफ होत होती, आणि गेल्या वर्षीची देठं, सालपटं, पालापाचोळा, शेळ्यांच्या लेंड्या मिळून तिथे आपली आपण शिजत होती. कुणी पेटवलं नव्हतं. तिने परत हात घातला, या वेळी सावकाश, आणि तसाच ठेवला.

“सगळ्यांनाच असं होतं पहिल्यांदा,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मऊ होता. लगेच त्या म्हणाल्या, “आता पुरे, फावडं घे.”

बर्फ वितळल्यावर वन्संनी तिला नासपतीच्या बुंध्याशी साचलेलं वाळकं गवत ओढून काढायला सांगितलं. थंडीपासून बचाव म्हणून ते दर वर्षी टाकलेलं असायचं. कॉलरबाईने गुडघे टेकले आणि गवताचे पुंजके उपसायला लागली. खाली काहीतरी पांढरं दिसलं. तिला आधी वाटलं, बर्फ राहिलाय. हात लावला तर लाकूड. तिने भराभर सगळं गवत काढलं. जमिनीपासून थोड्या वर, वीतभर रुंदीचा पट्टा, बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी सोललेला होता. साल कुठेच नव्हती. लाकडावर बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या.

तिने वन्संना हाक मारली. वन्सं आल्या, वाकल्या, डाव्या हाताने झाडाभोवती चाचपत गेल्या. एका बाजूने सुरुवात केली आणि फिरून परत तिथेच आल्या.

“उंदीर,” त्या म्हणाल्या. “बर्फाखाली गवतात घर केलं असणार. बाहेर खायला काही नव्हतं.”

“पण वरचं झाड तर चांगलं आहे की.”

“वरचं अजून कळलेलं नाही.” वन्सं सरळ झाल्या. “पाणी लाकडातून वर चढतं, ते चढेल. पण पानं जे अन्न करतात ते सालीखालून मुळांकडे उतरतं. ती वाटच गेली. मुळं उपाशी मरतील, आज ना उद्या. यंदा फुलेलही. मग वाळेल.” त्या घराकडे वळल्या. “कापून टाकू. लाकूड तरी चांगलं निघेल.”

त्या दिवशी वन्सं फारशा बोलल्या नाहीत आणि कॉलरबाईला ते त्यांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. हळूहळू एकेक गोष्ट तिच्या कानावर आली. त्या झाडाची फळं दिसायला अगदी टाकाऊ, लहान, कडक, खरबरीत. तोडल्यावर दात लागत नाहीत. पण तळघरात पेंढ्यात घालून ठेवली की ऐन थंडीत, बाकी सगळं संपल्यावर, ती पिवळी होतात आणि चमच्याने खावी इतकी मऊ नि गोड लागतात. तसलं झाड आसपास दुसरीकडे कुठे नव्हतं आणि त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. वन्संच्या यजमानांनी एकदा रोपवाटिकेत फळ दाखवलं होतं, तिथल्या माणसाने चावून बघून हात टेकले होते.

जेवताना सूपात पाव बुडवत वन्सं एकदम म्हणाल्या, “एक करता येतं. मी पाहिलंय, केलं नाही कधी.”

कॉलरबाईने चमचा खाली ठेवला.

“ह्यांनी एकदा शेजारच्यांच्या झाडाला केलं होतं. त्याला सशांनी खाल्लं होतं. झाडाच्याच कोवळ्या काड्या घ्यायच्या आणि जखमेवरून पूल घालायचे. काडीचं एक टोक खालच्या सालीत, एक वरच्या सालीत. लागल्या तर रस त्यांच्यातून उतरतो. मी तेव्हा मेणाचा डबा धरून उभी होते.”

“मग करू या.”

“करू या म्हणे. कुणाच्या हाताने?” वन्संनी प्लास्टर उचलून दाखवलं. “हे उतरायची वाट झाड बघणार आहे का?”

“माझे आहेत ना दोन.”

“तुला चाकू धरता येतो का?”

“कात्री येते,” कॉलरबाई म्हणाली. “चाकू शिकवा.”

वन्संनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, “काड्या उद्याच कापाव्या लागतील. झाड झोपेत आहे तोवर.”

दुसऱ्या दिवशी कॉलरबाई शिडीवर चढली. आयुष्यात ती स्टुलापेक्षा उंच कशावर चढली नव्हती. खालून वन्सं बोट दाखवत होत्या, ही नको, वाकडी आहे, ती घे, गेल्या वर्षीचीच आहे, सरळ, पेन्सिलीएवढी. कापलेल्या काड्यांची जुडी त्यांनी ओल्या भुशात घालून तळघरात ठेवली. आता साल सुटायला लागेपर्यंत, म्हणजे झाडात रस फिरायला लागेपर्यंत, थांबायचं होतं.

त्या मधल्या दिवसांत स्वयंपाकघराच्या टेबलाची शाळा झाली. वन्संनी यजमानांचा कलमाचा चाकू काढून दिला. त्याची मूठ झिजून अंगठ्याला जागा झाली होती. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या लवचीक फांद्या तोडून आणल्या आणि कॉलरबाई रोज काम आटोपलं की त्यांच्यावर हात चालवायची. काडीच्या टोकाला तिरका काप घ्यायचा, लांब आणि सपाट. सांगायला एवढंच. पण तिच्या कापाला पायऱ्या पडायच्या, टोक जाड राहायचं, नाहीतर काडीच मोडायची. अंगठ्याला दोनदा लागलं. टेबलाखाली काड्यांचा ढीग साचला.

“घाबरत घाबरत कापतेस,” वन्सं म्हणाल्या. “मध्ये थांबू नकोस.”

त्यावर ती जरा विचारात पडली. रेशमी कापडही असंच असतं. मध्ये कात्री थांबली की तिथे दात पडतो. हात नाही चालवायचा, खांदा चालवायचा. तिने नवी काडी घेतली, श्वास घेतला आणि चाकू कोपरापासून मागे ओढला. पातळ सालपट उडून सूपाच्या पातेल्यात पडलं. काप आरशासारखा लखलखीत होता.

वन्संनी काडी घेतली, जिभेने काप चाटून पाहिला, प्रकाशात धरला. “हं,” एवढंच म्हणाल्या. पण त्या ‘हं’ने कॉलरबाईला जे सुख झालं ते कारखान्यातल्या कुठल्या शाबासकीने कधी झालं नव्हतं.

एका सकाळी वारा फिरला. हवेतला बोचरेपणा गेला. वन्संनी नासपतीच्या एका फांदीच्या कापात नख घातलं आणि साल वर उचलली. ती संत्र्यासारखी सुटली.

“आज,” त्या म्हणाल्या.

चुलीवर डब्यात मेण, राळ आणि थोडं जवसाचं तेल एकत्र वितळायला ठेवलं. घरभर त्याचा वास पसरला. काड्या तळघरातून वर आल्या. कॉलरबाईने पोतं अंथरून बुंध्याशी गुडघे टेकले.

आधी जखमेच्या कडा साफ करायच्या होत्या, उंदरांनी कुरतडून ठेवलेल्या, वाळून काळ्या पडलेल्या. तिने खालच्या कडेला चाकू लावला आणि मेलेली साल कापत कापत जिवंत सालीपर्यंत आली. तिथे रंग बदलला. बाहेरून राखाडी, खडबडीत, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखी साल, आणि तिच्या आत, लाकडाला चिकटून, एक हिरवट ओला पदर, कागदाहूनही पातळ.

“दिसलं?” मागून वन्संनी विचारलं. “सगळं झाड तेच. बाहेरची साल म्हणजे नुसता कोट, आणि आतलं लाकूड म्हणजे खांब. जगतं ते एवढंच. काडीचं हिरवं आणि झाडाचं हिरवं एकमेकांना टेकलं पाहिजे. केसभर हललं तर फुकट.”

कॉलरबाईने सालीत काडीच्या रुंदीच्या दोन उभ्या चिरा मारल्या आणि चाकूच्या टोकाने मधली पट्टी उचलली. ती उचलताना बारीक आवाज झाला, ओलं कापड सोडवताना होतो तसा. खालचं लाकूड ओलं, गार, गुळगुळीत होतं आणि चकाकत होतं. तिचं बोट लागलं, बोटाला पाणी आलं. तिने हात पुसला आणि पुन्हा टेकवला. पुन्हा ओला. ती बघत राहिली. एवढं प्रचंड झाड, घराच्या छपराहून उंच गेलेलं, इतकी वर्षं उभं, आणि ते सगळं ज्याच्यावर जगत होतं ते तिच्या नखाखाली होतं. मघापर्यंत ती झाड म्हणजे लाकूड समजत होती. आता तिला एखाद्या झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवल्यासारखं झालं. तिने आवाज न करता बोट जिभेला लावलं. किंचित गोड होतं.

“घाई कर गं, वाळेल,” वन्सं म्हणाल्या, पण हळू.

तिने काडीला खाली काप घेतला, पट्टीखाली सरकवली, बारीक खिळे ठोकून पक्की केली. मग वरचं टोक. वन्संनी सांगितल्याप्रमाणे काडी अंतरापेक्षा थोडी लांब ठेवली होती, म्हणजे ती बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखी वाकून राहील आणि वाऱ्यात झाड हललं तरी उखडणार नाही. कॉलर मानेभोवती वळावी म्हणून वरचं कापड असंच थोडं जास्तीचं सोडावं लागतं, हे तिला करता करता लक्षात आलं, पण ती बोलली नाही. सगळं लक्ष बोटांत होतं. एक पूल झाला, दोन बोटं सोडून दुसरा, मग तिसरा. वन्सं डाव्या हाताने ब्रश धरून जोडांवर गरम मेण फासत होत्या. दोघी बुंध्याभोवती गुडघ्यांवर सरकत होत्या, एक पुढे, एक मागे. शेळ्या ओरडून ओरडून गप्प झाल्या. चहाची आठवण दोघींनाही राहिली नाही.

फेरा पुरा झाला तेव्हा कॉलरबाईला उठताच येईना. वन्संनी डावा हात दिला, तिने तो धरला आणि दोघी धडपडत उभ्या राहिल्या. झाडाच्या पायाशी मेणाने माखलेल्या वाकड्या काड्यांची एक ओबडधोबड टोपलीच झाली होती.

“दिसायला अगदीच गचाळ आहे,” कॉलरबाई म्हणाली.

“ह्यांनी केलेलंही असंच दिसत होतं,” वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर फक्त वाट बघणं होतं, आणि बाकीचं शेत काही वाट बघत नव्हतं. बटाटे लावायचे होते, वाटाण्याला काठ्या द्यायच्या होत्या, कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. कॉलरबाईचे तळवे आधी फोडांनी भरले, मग राठ झाले. रोज सकाळी दूध काढून झालं की ती झाडाशी जाऊन वाकायची. काड्या जशा लावल्या तशाच होत्या.

मग नासपती फुलली. एका ऊबदार आठवड्यात सगळं झाड पांढरंशुभ्र झालं आणि आतून मधमाश्यांचा एकसारखा घुमारा ऐकू यायला लागला. दुधाची गाडी चालवणारा रोज फाटकाशी यायचा, तो उतरून आत आला आणि मान वर करून उभा राहिला.

“वाचलं की हो झाड.”

“अजून काही नाही,” वन्सं म्हणाल्या. “गेल्या वर्षीच्या साठ्यावर चाललंय ते.”

कॉलरबाई खाली उभी होती. पाकळ्या तिच्या खांद्यावर पडत होत्या. एवढं सगळं देखणेपण हे झाड आपलं साठवलेलं खर्चून उभं करत असेल, या विचाराने तिला खुशही होता येईना आणि नजरही काढता येईना.

मध्यंतरी वन्संचं प्लास्टर निघालं. आत हात काटकुळा आणि फिकट झाला होता. त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“आई, आत्यांचा हात बरा झाला ना? मग कधी येतेस?”

“काड्यांचं कळल्यावर.”

“कसल्या काड्या?”

“झाडाला लावल्यात. जिवंत आहेत की नाहीत ते कळायचंय.”

“आई, तू बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय,” कॉलरबाई म्हणाली. “भूक काय लागते म्हणून सांगू.”

काड्यांवरचे डोळे फुगले आणि त्यांतून इवलीशी पानं डोकावली. कॉलरबाई धावत सांगायला गेली, तर वन्संनी तिथेही पाणी ओतलं. काडीत स्वतःचाही थोडा साठा असतो, पाण्यातल्या फांदीलाही पानं फुटतात, त्यावरून काही ठरत नाही. थोड्या दिवसांनी एक काडी वाळली. मग दुसरी मलूल झाली. वन्सं ती न्याहाळत बराच वेळ बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कॉलरबाईला वाटलं, रडताहेत. बघते तो हसत होत्या.

“अगं बये, ही उलटी लावलीस. डोळे बघ कुठे बघताहेत. जमिनीकडे.”

कॉलरबाईने वाकून पाहिलं. खरंच, ती एक काडी डोकं खाली पाय वर करून बसवली होती. तीही हसायला लागली. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोघी परत बाकीच्या काड्या चाचपायला लागल्या, कारण त्यांचं अजून कळलेलं नव्हतं.

ऊन चांगलं तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. वाटाणा तोडून झाल्यावर कॉलरबाई सवयीने झाडाशी वाकली. एका जोडावरच्या मेणाला तडा गेला होता. आपलं काम उखडलं, असं तिला वाटलं. ती पोटावर आडवी झाली आणि डोळा अगदी जवळ नेला. तडा बाहेरून गेलेला नव्हता. आतून काहीतरी वर आलं होतं आणि त्याने मेण फोडलं होतं. फिकट, हिरवटपांढरं, मऊ, बाळाच्या हिरडीसारखं. काडीच्या कडेने आणि सालीच्या कडेने ते दोन्हीकडून आलं होतं आणि मधे एक झालं होतं. कुठे काडी संपते आणि कुठे झाड सुरू होतं ते आता सांगता आलं नसतं.

तिने दुसरा जोड पाहिला. तिथेही. वरचा पाहिला. तिथेही. त्या दोन काड्या सोडल्या तर सगळीकडे, मेणाखाली, कुणी बघत नसताना, हे चाललं होतं. तिने फक्त दोन कडा शेजारी टेकवून ठेवल्या होत्या. शिवलं होतं त्यांचं त्यांनी. सुई नाही, दोरा नाही, आणि अशी शिवण तिने जन्मात पाहिली नव्हती.

“वन्सं,” तिने हाक मारली. वन्सं वाफ्यांतूनच “काय गं” म्हणाल्या आणि उत्तर येईना म्हणून आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. मग त्या नुकतंच पाणी दिलेल्या ओल्या मातीत मटकन खाली बसल्या आणि त्यांनी आपला बारीक झालेला उजवा हात एका काडीवर ठेवला. वर पानं सळसळत होती.

“मी लाकूडतोड्याला सांगून ठेवलं होतं,” वन्सं शेवटी म्हणाल्या. “तुला बोलले नाही.”

“आता काय सांगणार त्याला?”

“सांगते, माझी भावजय आलीय म्हणून.”

वन्संचं कौतुक एवढंच, आणि लगेच काम. काड्यांवरची पानं खुडायची, कारण त्यांना स्वतः वाढायला लावायचं नव्हतं, फक्त रस पोचवू द्यायचा होता. आणि झाडावर धरलेली बोराएवढी फळंही सगळी काढायची. या वर्षी ओझं नको. फळं काढताना कॉलरबाईचा जीव तुटला. शिडीवरून ती एकेक फळ टोपलीत टाकत होती आणि खाली शेळ्या मान वर करून आशेने बघत होत्या. त्यांची मात्र चंगळ झाली.

उन्हाळा सरता सरता मोठा वारा आला. दुपारीच आभाळ दाटलं आणि उतारावरून वारा असा सुटला की कोंबड्या उडून कुंपणाला चिकटल्या. दोघींनी गोठा बंद केला, पत्रे बांधले. वन्सं घरात गेल्या. कॉलरबाई मात्र झाडाकडे वळली. नासपती वरपासून हेलकावे खात होती, फांद्या एकमेकींवर आपटत होत्या. तिला वाटलं, एवढ्या बारक्या काड्या या ओढीला कशा पुरणार. ती बुंध्याशी बसली, डोक्यावर पिशवी घेऊन, आणि दोन्ही हातांनी झाडाभोवती कवळ घातली.

हाताखाली काड्या हलत होत्या. वाऱ्याचा लोट आला की या बाजूच्या सरळ व्हायच्या आणि त्या बाजूच्या आणखी वाकायच्या. लोट गेला की परत होत्या तशा. तिने सोडलेलं तेवढं जास्तीचं त्या एकेक इंच वापरत होत्या. कुठे कुरकुर नव्हती, कुठे तडकल्याचा आवाज नव्हता. पलीकडे कुठेतरी एक फांदी कडाडून मोडली. इथे, तिच्या तळव्यांत, झाड एखाद्या मोठ्या जनावरासारखं कुशी बदलत होतं आणि काड्या त्याच्याबरोबर श्वास घेत होत्या. पाऊस आला, ती भिजली, पण उठावंसं वाटेना. आपल्या हातून झालेली गोष्ट आपल्यापेक्षा इतकी मोठी असू शकते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला भीतीही वाटत होती आणि हसूही येत होतं.

“न्यूमोनिया करून घ्यायचाय का?” दारातून वन्संचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, “धरलंय का गं?”

“धरलंय,” कॉलरबाईने ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वाफ्यांमध्ये घेवडा आडवा झाला होता, दोघी तो उभा करून बांधत होत्या. दुधाची गाडी आली. चालवणारा दूध घेऊन लगेच गेला नाही. टोपी हातात घेऊन वाफ्याच्या कडेला घुटमळला.

“बाई,” तो कॉलरबाईला म्हणाला, वन्संना नव्हे. “माझ्या बहिणीकडे सफरचंदाचं झाड आहे. घोड्याने साल खाल्लीय. ती फार हळहळतेय.”

कॉलरबाईने हातातली सुतळी दातांनी तोडली. “सगळ्या बाजूंनी खाल्लीय की कुठे राहिलीय?”

“एका बाजूला चार बोटं आहे.”

“मग तग धरेल. आत्ता काही करू नका, उघड्या लाकडावर मेण फासून ठेवायला सांगा. थंडीत झाड झोपलं की सरळ काड्या कापून ओल्या भुशात ठेवायच्या. वरचं टोक कुठलं त्याची खूण करून ठेवा,” ती म्हणाली. वन्संनी खाली मान घालून घेवडा बांधायला घेतला. “साल सुटायला लागली की निरोप द्या. मी येईन.”

तो मान हलवून गेला. थंडी कुठे, साल सुटायचे दिवस कुठे, तोवर ती इथे असणार की नाही हे वन्संनी विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

“ही ओळ संपव,” वन्सं म्हणाल्या. “मग बटाट्यांकडे बघू.”

कॉलरबाईने सुतळीचा नवा तुकडा घेतला आणि पुढच्या वेलाखाली हात घातला.